चार फ्लॅट, पाच हिस्से

हैदराबादच्या काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, इसामिया बाजार या भागांत ज्याचं स्वतःचं बैठं घर आहे, त्याचा रविवार दलालांच्या मालकीचा असतो. सकाळी पोह्यांची बशी हातात येते न येते तोच फाटक वाजतं. बाहेर स्कूटरवर दोघं. पुढचा यजमानांकडे बघून हसतो, मागचा घराची रुंदी डोळ्यांनी मोजतो.

"अंकल, घर डेव्हलपमेंट कू देते क्या?"

"नक्को."

"पार्टी अच्छी है अंकल. फिफ्टी-फिफ्टी."

"बोल दिया ना, नक्को. बाप-दादे का मकान है."

या अंकलना आपण नाना म्हणू. नाना कोणी एक नाहीत. काचीगुड्यातल्या पाच-सहा मराठी घरांतले यजमान एकत्र मळून केलेला हा नमुना आहे. तेव्हा कोणी अंगावर घेऊ नये, आणि घेतलंच तर हिस्सेदारांना कळवू नये.

नानांचं "नक्को" चांगलं खणखणीत असतं, कारण ते स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं असतं. मग फाटकाची कडी लावण्याच्या निमित्ताने नाना बाहेर जातात आणि आवाज एकदम खाली आणून विचारतात, "वैसे, इधर गज का क्या चल रा आजकल?" हैदराबादेत जमीन गजात मोजतात. नानांची चारशे गज आहे. त्यांना शुगर आहे, बीपी आहे, रविवारी सकाळी मिळालेला भाव आठवडाभर चघळायची सवय आहे, आणि वाडवडिलांच्या वास्तूबद्दल अपार जिव्हाळा आहे.

जिव्हाळ्याला कारणही आहे. घर आजोबांनी घेतलं तेव्हा हैदराबाद ही मराठवाड्याची राजधानी होती. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबादहून वकिली, कारकुनी, मास्तरकी करायला माणसं इथे येत आणि कोठी, सुलतान बाजार, गौलीगुड्याच्या आसपास बिऱ्हाड थाटत. सुलतान बाजारावर 1933पर्यंत निजामाचा नव्हे, इंग्रज रेसिडेंटचा अंमल होता. शेजारीच केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेक वर्धिनी शाळा. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला, राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि काचीगुड्यातली मराठी माणसं उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता परप्रांतात राहायला गेली.

त्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या घराच्या पडवीत कोणीतरी थोर माणूस बसून गेलेला असतो. 1931 साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन हैदराबादला भरलं होतं. केतकर आमच्याकडे चहाला आले होते, असं सांगणारी घरं मोजली तर त्यांना अध्यक्षीय भाषणाला वेळ कसा मिळाला, हाच प्रश्न पडतो. ज्ञानकोशाचं काम आधीच उरकलं होतं म्हणून बरं. नानांनी हा इतिहास एकदा दलालाला साग्रसंगीत ऐकवला. त्याने हात जोडले, केतकरांना मनोमन नमस्कार केला आणि विचारलं, "फ्रंटेज कितना है, अंकल?"

नाना डगमगले ते ऑगस्ट 2023मध्ये. शहराच्या पश्चिम टोकाला कोकापेट इथल्या सरकारी जमिनीचा लिलाव झाला आणि एका भूखंडाला एकरी 100.75 कोटींची बोली लागली. पेपर आला तेव्हा नाना दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी पेपरच्या समासात हिशेब मांडला. एका एकराचे 4,840 गज, म्हणजे गजाला 2 लाख 8 हजार. गुणिले चारशे. आकडा समासातून बाहेर गेला, तेव्हा तो संपादकीयावर लिहावा लागला.

"अहो, पण ते कोकापेट," काकू म्हणाल्या. "इथून पंचवीस किलोमीटर तरी असेल."

"मग? तिकडे काय आहे? खडक! इथे सगळं आहे. स्टेशन आहे, शाळा आहे, मेट्रो आहे."

मेट्रोचा हा उल्लेख ऐकून काकूंच्या हातातली कणीक थांबली. सुलतान बाजाराच्या चिंचोळ्या रस्त्यावरून मेट्रोचे खांब जाणार म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, निदर्शनं केली, आणि आपल्या शिंप्याचं दुकान जातंय या काळजीपोटी नानाही एकदा त्या गर्दीत उभे राहून घोषणा देऊन आले होते. शेवटी खांब उभे राहिलेच. ज्युबिली बस स्टेशन ते एमजीबीएस ही मेट्रो 7 फेब्रुवारी 2020ला सुरू झाली. सुलतान बाजारात ती अशी सज्जांना खेटून जाते, की खिडकीतल्या माणसाला वरच्या मजल्यावरच्या लोकांची आमटी कोणती ते कळावं. एवढं रामायण होऊन धावू लागलेली गाडी दीड महिन्यातच कोविडमुळे 22 मार्चला बंद पडली, तेव्हा नानांनी "मी सांगत होतो" असं म्हणून घेतलं. आता मात्र दलालाला ते स्वतःहून सांगतात, "मेट्रो पाच मिनट पे है. वॉकेबल."

घर द्यायचं ठरलं नव्हतं. फक्त "कागद काढून ठेवायला काय हरकत आहे" एवढंच ठरलं होतं. जुन्या घरांचा शेवट नेहमी याच वाक्याने सुरू होतो.

कागद निघाला तो उर्दूत. आजोबांना उर्दू यायची, वडिलांचं तर उस्मानिया विद्यापीठातलं सगळं शिक्षणच उर्दूतून झालेलं; नानांना उर्दूतली फक्त बिर्याणीच्या दुकानाची पाटी वाचता येते, तीही चित्रामुळे. खाली साल लिहिलं होतं 1345. बिल्डरच्या तरुण वकिलाने भिंगातून ते पाहिलं आणि गंभीर झाला.

"सर, हे 1345चं आहे."

"हो."

"एवढी जुनी लिंक डॉक्युमेंट मी अजून पाहिली नाही. याला पुरातत्त्व खात्याची एनओसी लागेल का, ते बघावं लागेल."

बिचाऱ्याचं काय चुकलं? 1345 साल सरळ धरलं तर आजोबांनी ते घर बहमनी राज्य स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी विकत घेतलं होतं. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हे खरेदीखत 1935-36चं, हे सांगायला पत्थरगट्टीतून एक वृद्ध मुन्शीजी रिक्षाने आणावे लागले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, पहिल्या चार ओळींतली मालकाची, विक्रेत्याची आणि हुजूर निजाम सरकारची विशेषणं आनंदाने मोठ्याने वाचली, आणि घराच्या चतुःसीमा सांगितल्या: पूर्वेला चिंचेचं झाड, दक्षिणेला विहीर, पश्चिमेला आम रस्ता, उत्तरेला एका मौलवीसाहेबांची गुलाबाची बाग. आज पूर्वेला मोबाईलचं दुकान आहे, दक्षिणेला मुलींचं होस्टेल आहे. मौलवीसाहेबांच्या बागेत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो. सबरजिस्ट्रार कचेरीच्या संगणकावर 1983च्या आधीचं काही दिसत नाही, त्यामुळे चिंचेच्या झाडाला साक्षीदार म्हणून मुन्शीजी तेवढे उरले.

कागद लागला आणि हिस्सेदार जागे झाले.

नाना धरून भावंडं पाच. एक इथे, एक पुण्यात, एक औरंगाबादला, एक शहरातच कोंडापूरला, एक न्यू जर्सीत. गेली अनेक वर्षं घराची कौलं फुटली, विहिरीत मांजर पडलं, मालमत्ता कराची नोटीस आली, तेव्हा हे घर नानांचं होतं. आता ते वडिलोपार्जित झालं. 'आपला वाडा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. पहिले तीन दिवस त्यावर नुसते अश्रू होते. न्यू जर्सीवाल्या भावाने काळ्यापांढऱ्या फोटोखाली लिहिलं, "इथेच आपण चोर-शिपाई खेळलो." पुण्याच्या ताईंनी लिहिलं, "ते तुळशीवृंदावन मात्र जपा हं." चौथ्या दिवशी त्यांच्याच नंबरावरून कायद्याचं एक कलम आलं. 2005च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी. नानांनी उत्तर दिलं की नोंद घ्यायची गरज नाही, एन. टी. रामाराव सरकारने अविवाहित मुलींसाठी असा कायदा इथे 1986लाच केला होता, आम्ही पुण्याच्या पुढे आहोत. ताईंनी हसरा चेहरा पाठवला. त्या चेहऱ्याचा अर्थ काय, यावर नाना आणि काकूंचं रात्री अकरापर्यंत एकमत झालं नाही.

इथे हैदराबादच्या बांधकामाविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. मुंबईत एफएसआय हा परमेश्वर आहे. हैदराबादेत 2006च्या नियमांनी एफएसआयची मर्यादाच काढून टाकली. इमारत किती उंच जाणार ते भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा यांवर ठरतं. म्हणून पश्चिमेला रुंद रस्त्यांवर पन्नास-पन्नास मजले उभे राहतात. काचीगुड्यातल्या गल्लीत मात्र दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकाला आपलं आयुष्य मागे घ्यावं लागतं. तिथे मजले कुठून आणणार? उलट रस्ता रुंद व्हावा म्हणून स्वतःच्या जागेतली पट्टी सोडून द्यावी लागते. नानांच्या शेजाऱ्यांनी अशी पट्टी सोडली. रस्ता रुंद झाला नाही, कारण त्यांच्या पुढच्या घराने काहीच सोडलं नाही. त्या पट्टीवर आता संध्याकाळी मिरची-भज्यांची गाडी लागते आणि ती भजी फार छान असतात.

तर बिल्डरने गणित मांडलं. स्टिल्टवर चार मजले, मजल्याला दोन फ्लॅट, एकूण आठ. निम्मे बिल्डरचे. उरले चार.

भावंडं पाच.

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीचा भाऊ गोठल्यासारखा दिसत होता. नेट गेलं की भावना आल्या, ते कळेना. बिल्डर अनुभवी होता. त्याने चहाचा घोट घेतला आणि अतिशय मृदू आवाजात तो शब्द उच्चारला: "पेंटहाऊस."

इतर देशांत पेंटहाऊसमध्ये कोट्यधीश राहतात. हैदराबादेत ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, मंजूर नकाशाच्या बाहेर असतं. महापालिका इमारतीचा दहा टक्के भाग ऑक्युपन्सी मिळेपर्यंत आपल्याकडे गहाण ठेवून घेते, नकाशाबाहेर काही करू नका म्हणून. तरी लोक करतातच, आणि मग सरकारच्या दयेची वाट बघतात. सरकारही दयाळू असतं. 2007 साली दंड भरून बांधकाम नियमित करायची बीपीएस योजना आली, 2015 साली बीआरएस आली. (ही बीआरएस म्हणजे पक्ष नव्हे. पक्षाने ते नाव 2022 साली घेतलं.) शहरातली बेकायदा बांधकामं लोभापायी होतात असं पेपरवाले लिहितात. निम्मी तरी कौटुंबिक सलोख्यासाठी होत असावीत. आठांचे निम्मे चार आणि भावंडं पाच, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीने सोडवलेला नाही.

पेंटहाऊस कोणाला, यावर महिना गेला. प्रत्येकाने ते दुसऱ्याला उदारपणे देऊ केलं. शेवटी ते न्यू जर्सीला गेलं, कारण त्या वेळी तिथे रात्रीचे अडीच वाजले होते आणि तो झोपला होता.

राहिला ईशान्य कोपरा. या शहरात वास्तुशास्त्र हे बांधकामाच्या नियमांपेक्षा जास्त पाळलं जातं. राज्याचं जुनं सचिवालय 2020 साली पाडून नवं 30 एप्रिल 2023 रोजी उघडलं गेलं. अधिकृत कारणं बरीच होती, चहाच्या टेबलावर मात्र एकच चालायचं. गंमत म्हणजे याच शहरात एके काळी कोपऱ्यावरचं दुकान अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत आणि ते इराणी चहावाल्यांना मिळे, असं जुने लोक सांगतात. आज त्याच कोपऱ्यांसाठी मारामाऱ्या. उरलेल्या चौघा भावंडांना चारही फ्लॅट पूर्वाभिमुख हवे होते. मजल्यावर फ्लॅट दोनच, त्यातला एक पश्चिमेकडे तोंड करणार, हा भूगोल बिल्डरच्या हातात नव्हता. त्याने वास्तुतज्ज्ञ आणला. तज्ज्ञाने होकायंत्र फिरवलं, नानांच्या सध्याच्या घराचं स्वयंपाकघर पाहिलं आणि दचकून विचारलं, "या घरात इतकी वर्षं तुम्ही जगलात कसे?"

"तक्रार न करता," काकू म्हणाल्या.

काकूंविषयी कोणीच काही विचारलं नव्हतं. वाड्यासाठी हळहळणाऱ्यांत फक्त त्याच नव्हत्या. अंगण त्यांनी झाडलं, विहिरीचं पाणी त्यांनी शेंदलं, पावसाळ्यात कुठल्या खोलीत किती बादल्या लागतात ते त्यांनाच ठाऊक. जे चोर-शिपाई खेळले, त्यांना रडू येत होतं. करारावर सही झाली त्या रात्री काकूंनी बऱ्याच वर्षांनी गुणगुणत भांडी घासली, आणि हे सांगताना लेखकाची सहानुभूती कुठे आहे ते लपवण्यात अर्थ नाही.

बांधकाम होईपर्यंत बिल्डरच्या भाड्याने दोघं कोंडापूरला एकविसाव्या मजल्यावर राहायला गेली. दारात पाहुणा आला की मोबाईलवर मंजुरी द्यायची असते. पहिल्याच आठवड्यात नानांनी चुकून जुन्या मित्राला नामंजूर केलं आणि एका अनोळखी गाद्यावाल्याला आत घेतलं. गॅलरीत पापड वाळत घालायला सोसायटीची बंदी. बदलीच्या नोकऱ्यांवर पुणे-नाशिकहून आलेल्या मराठी मुलामुलींनी तिथे गणपती बसवला होता. नानांनी त्यांना इसामिया बाजारातल्या मराठी साहित्य परिषदेबद्दल, तिच्या 'पंचधारा' या नियतकालिकाबद्दल सांगितलं. मुलं भारावली. एकाने विचारलं, "काका, तिथे पार्किंग आहे का?"

याच शहरात जुन्या इमारतींना संरक्षण देणारा नगररचनेचा नियम 2015 साली रद्द झाला. 2019 साली एर्रम मंझिल हा राजवाडा पाडून तिथे विधानसभा बांधायचा बेत उच्च न्यायालयाने अडवला. राजवाड्यासाठी निदान कोर्टात जायला माणसं मिळतात. काचीगुड्याच्या जवळच, चादरघाटच्या बाजूला मुसीकाठच्या वस्तीत 2024 साली घरांवर लाल रंगात आरबी-एक्स अशी अक्षरं काढली गेली. ही घरं नदीपात्रात म्हणून हटवायची. तिथे रविवारी स्कूटरवरून फिफ्टी-फिफ्टी विचारायला कोणी आलं नव्हतं. जुन्या शहरात मेट्रोसाठी जाणाऱ्या जागांना सरकारने गजाला 81,000 रुपये देऊ केले, आणि शहाअलीबंड्यातल्या एका परिचितांनी नानांना फोन करून पहिला प्रश्न विचारला तो कोकापेटच्या भावाचा.

वाड्याचे सागवानी खांब भंगारवाल्याने नेले. पुढे कोंडापूरच्या भाच्याने दोघांना ज्युबिली हिल्समधल्या एका झगमगीत कॅफेत नेलं. काकूंनी समोरच्या खांबावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, ही माझी खुंटी. इथे मी पंचे वाळत घालायचे." नानांनी वेटरला विचारलं, हा खांब कुठला.

"चेट्टिनाड पिलर, सर. टू हंड्रेड इयर्स ओल्ड."

नानांनी प्रतिवाद केला नाही. आपला खांब दोनशे वर्षांचा ठरतोय हे ऐकून त्यांचा ऊर भरून आला होता. कॉफीचं बिल आलं तेव्हा तो पुन्हा मोकळा झाला.

इमारत आता तिसऱ्या स्लॅबपर्यंत आली आहे. तुळशीवृंदावन पुण्याच्या ताईंच्या आग्रहाने जपलं होतं, ते ट्रान्सफॉर्मरला जागा हवी म्हणून हललं. नानांनी दिवाळी अंकासाठी 'हरवलेलं अंगण' हा लेख लिहिला, तो वाचून भावंडांनी ग्रुपवर पुन्हा अश्रू पाठवले, आणि त्याच संध्याकाळी स्टिल्टमध्ये खांबाआडची पार्किंग कोणाची यावरून औरंगाबाद आणि कोंडापूर यांचं बोलणं बंद झालं. करारात पार्किंगचे नंबर घालायचे राहिले होते. बिल्डर म्हणतो, आठ फ्लॅटना आठ पार्किंग आहेत. पेंटहाऊसचं तो बोलत नाही, कारण कागदावर ते अस्तित्वातच नाही.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या ट्रंकेत फसली सालाचं खरेदीखत पडलं असेल, तर उर्दू वाचणारे मुन्शीजी हयात आहेत तोवर ते वाचून घ्यावं, सालात 590 मिळवून मगच वकिलाला दाखवावं, आणि सही करण्यापूर्वी भावंडं मोजावीत.